शुद्धच्या उलट

आज सीवूड्सच्या घरात सुके बोंबील भाजले आणि वासाबरोबर दिवाळे गावातलं माहेरचं अंगण आठवलं. आई बोंबील वाळत घालत होती. मी शेजारी बसून विरुद्धार्थी शब्द मोठ्यानं पाठ करत होते.

"शुद्ध, अशुद्ध."

"अशुद्ध मंजे कसा गो?" आईनं विचारलं.

"तू बोलतेस तसं."

आई हसली, मीही हसले.

शाळेतल्या बाईंनी शिकवलेल्या भाषेमुळे मी घरातली पहिली पदवीधर झाले. ते उपकार मोठेच आहेत. पण अंगणातल्या त्या दिवसानंतर आई परक्यांसमोर बोलेनाशी झाली. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी काय होतंय ते तिलाच विचारलं, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच सांग."

मी व्यवस्थित, शुद्ध भाषेत सांगितलं. तिला नेमकं कुठे दुखत होतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.