मन्नूबियाचा शर्मूला

स्फाक्स शहराच्या मिठागरावर मुकादमकी करण्यात तिजानीचा जन्म गेला, पण कुणाच्या चिमूटभर मिठाला त्याने कधी हात लावला नाही, अशी त्याची ख्याती. स्वयंपाकघरातही त्याने कधी कशाला हात लावला नव्हता, पण ते शुद्ध आळसामुळे. बायकोने, मन्नूबियाने वाढावं, त्याने जेवावं, "अल्हम्दुलिल्लाह" म्हणून हात धुवावेत, एवढाच त्याचा चुलीशी संबंध. मूलबाळ नव्हतं. दोघंच राहायची, तिसऱ्या मजल्यावर.

त्या हिवाळ्यात मन्नूबियाला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कॉफी म्हणजे काळं गरम पाणी, आणि मिरचीची झणझणीत हरीसा चटणी म्हणजे नुसती आग. डॉक्टर म्हणाला, येईल परत, धीर धरा.

"नफीसाला कळता कामा नये," मन्नूबियाने नवऱ्याला बजावलं. नफीसा म्हणजे तिजानीची थोरली बहीण. "तिला कळलं की गाव गोळा होईल. म्हणेल, आधी तरी कुठे चव होती हिच्या हाताला!"

यात खोटं काही नव्हतं, नफीसा असं म्हणालीच असती. वास्तविक गल्लीतल्या नव्या सुना मन्नूबियाकडे शिकायला यायच्या. तिच्या माशाच्या कुसकुसची, म्हणजे वाफवलेल्या जाड रव्याची, वाखाणणी मिठागरापर्यंत पोचायची. बाईचा सगळा मान तिच्या हातात होता, आणि आता त्या हाताला वाट दाखवणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून तिजानी तिची जीभ झाला. तिने चमचा पुढे करावा, विचारावं, "मीठ?" त्याने डोळे मिटून म्हणावं, "किंचित कमी." "जिरं?" "पुरे." म्हाताऱ्याला भलतंच महत्त्व आलं. तोही खुश होता, तीही त्याला हसायची. पण एके दिवशी रस्सा चाखून तो बोलून गेला, "अगं, अख्खा समुद्र ओतलास की!" आणि वर खदाखदा हसला. मन्नूबियाने चमचा खाली ठेवला. गॅलरीत गेली आणि घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसली.

त्या दिवसापासून तिजानीला सगळंच छान लागायला लागलं. "मीठ?" "अगदी बेताचं." आणि तिची पाठ वळली की हा गुपचूप कुठे पाणी घाल, कुठे लिंबू पीळ. बायकोचं मन राखतोय, असं त्याने मनाला पटवलं होतं. आपल्याला हे जमतंय याचं त्याला जरा कौतुकही वाटत होतं.

मग रमजान आला आणि सरत आला. महिनाभराचे उपास संपवून ईदच्या सकाळी खारवलेला मासा खायचा तो शर्मूल्याबरोबर. टोपलीभर कांदे ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर घोटायचे, त्यात वाटलेल्या मनुकांचा रस आटवायचा, काळपट मुरंब्यासारखं होईपर्यंत. प्रत्येक घराची रीत वेगळी, आणि दुसऱ्याच्या घरचा शर्मूला शेळीनेच खावा असं प्रत्येकाचं ठाम मत. मन्नूबिया केरकेन्ना बेटावरची. तिच्या आईच्या रीतीत मनुका कमी, मिरी सढळ आणि शेवटी व्हिनेगर. तिजानीच्या आईचा मात्र गोड, दालचिनीचा, आणि वर रुमी मस्तकीचा, त्या सुगंधी डिंकाचा, खडा कुटून घातलेला. सासू सुनेच्या शर्मूल्याला "कोळ्यांचं लोणचं" म्हणायची. सासू गेल्यावर मन्नूबियाने मस्तकी घरात येऊ दिली नाही.

शर्मूला उपासाच्या दिवसांतच करायचा, म्हणजे चाखायची सोय नाही. मन्नूबिया आजवर निव्वळ वासावर करत आली होती. या वर्षी ती पातेल्यापाशी उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा येतोय वास?"

तिजानी वाकला आणि त्याच्या नाकात झिणझिण्या आल्या. व्हिनेगर बहुतेक दोनदा पडलं होतं. "छान," तो म्हणाला.

ती दुपारच्या नमाजाला आत गेली आणि त्याने मनुकांचा रस ओतला. आंबटपणा दबला. तिथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्याने दालचिनी घातली. पुन्हा वास घेतला. काहीतरी राहिलं होतं, आणि काय राहिलं होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तो जिने उतरला, कोपऱ्यावरून मस्तकी घेतली, साखरेबरोबर कुटली आणि पातेल्यात टाकली. वाफ वर आली. दिवसभराच्या उपाशी पोटी तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. खरं सांगायचं तर त्या घटकेला तो मन्नूबियाला साफ विसरला होता. संध्याकाळी उपास सोडल्यावर त्याने चमचाभर चाखला. डोळ्यांत पाणी आलं.

"झकास झालाय," त्याने तिला सांगितलं. ती सुटकेने हसली.

ईदच्या सकाळी नफीसा आली. बसायच्या आधीच तिने पावाचा तुकडा शर्मूल्यात बुडवला, तोंडात घातला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"अगं मन्नूबिया! हा तर आईचा!" तिने दुसरा तुकडा बुडवला. "इतकी वर्षं हट्टाला पेटली होतीस. आलीस ना शेवटी वळणावर! मस्तकी घातलीस, खरं सांग."

मन्नूबियाने नफीसाकडे पाहिलंच नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिजानी ताटलीतल्या बिनकाट्याच्या माशातून काटे काढत होता. त्याचे कान तापले होते. नाही म्हणावं तर नाकाचं बिंग फुटणार, हे तिला दिसत होतं आणि त्यालाही.

"घातली," मन्नूबिया म्हणाली. "सासूबाईंची आठवण आली या वर्षी."

नफीसाने तिचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. असा मुका तिने लग्नातसुद्धा घेतला नव्हता. "मला बरणीभर दे गं. घरी नेऊन दाखवते सगळ्यांना, आमची भावजय सुधारली म्हणून!" मन्नूबियाने स्वतःच्या हाताने बरणी भरली, काठ पुसला आणि झाकण घट्ट लावून दिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिजानीला झालं. बहिणीला दारापर्यंत पोचवायलाही तो उठला नाही.

दार लागल्यावर तो म्हणाला, "आंबट झाला होता गं. तुझी फजिती होऊ नये म्हणून..."

"आंबट झाला तर मनुका घालतात. मस्तकी कशाला?"

तो बोटाने ताटलीचा काठ पुसू लागला.

"उपाशी पोटी तीन जिने उतरलास तू. मी पाव आणायला सांगितला की तुझे गुडघे दुखतात." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला हायसं वाटलं असतं. "मी तुला माझी जीभ म्हणून घेतलं होतं, तिजानी. तू तुझ्या आईला घेऊन आलास."

त्याने मान खाली घातली. त्याला आता स्वतःची किळस येत होती. मन राखण्याच्या नावाखाली त्याने तिला तिच्याच घरात हरवलं होतं, आणि हरवताना त्याला मजा आली होती.

मन्नूबियाने पातेलं ओढलं, चमचाभर शर्मूला तोंडात घेतला आणि बराच वेळ चघळला.

"काही कळत नाही," ती म्हणाली. "आठवून बघते, तर माझाही आठवेनासा झालाय. तू सांग. इतक्या ईदांना खाल्लास. माझा कसा लागायचा?"

तिजानीने मनापासून आठवायचा प्रयत्न केला. मिरी आधी लागायची का व्हिनेगर? कांद्याला दाताखाली जीव असायचा, का तो पार विरघळलेला असायचा? त्याला एवढंच आठवलं, की पहिला घास घेताना ती दरवर्षी समोर उभी असायची, आणि तो माशाच्या भावाबद्दल काहीतरी बोलत असायचा.

"चांगला," तो म्हणाला. "चांगला लागायचा."

चमचा हातात धरून मन्नूबिया त्याच्याकडे बघत राहिली. तो अजून काहीतरी सांगेल, असं तिला वाटत होतं.