उभी असताना तापते की पळताना?

टेक्ससमध्ये कुठेही एखाद्या मराठी माणसाची गाडी तापली, तर त्याची खबर आधी माझ्या नवऱ्याच्या आत्याला लागते आणि मग त्या गाडीच्या मालकाला, असा आमच्या शुगर लँडमधल्या मंडळींचा ठाम समज आहे. नात्याने त्या माझ्या आत्तेसासूबाई, पण मीही त्यांना आत्याच म्हणते. रिफायनरीतलं उकळतं तेल थंड करणाऱ्या यंत्रांची डिझाइनं करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे उष्णता उरली ती फक्त गाड्यांची आणि इथल्या उन्हाळ्याची. दोन्हींवर त्यांचं सारखंच प्रेम आहे.

बाकी व्यवहारात आत्या जमिनीवर कमी आणि ढगांत जास्त असतात. मला एअरपोर्टवर सोडायला निघाल्या तेव्हा टर्मिनलला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, कारण मेक्सिकोच्या आखाताकडून येणाऱ्या एका ढगाचा आकार बदलत होता आणि त्याचं शेवटी काय होतंय हे त्यांना बघायचं होतं. माझं विमान थोडक्यात चुकायचं राहिलं. त्यांच्या भाजीत मीठ पडलं आहे की नाही, हे जेवायला बसल्यावरच कळतं. पण फोनवर कुणी नुसतं "आत्या, गाडी हीट होतेय" असं म्हटलं, की त्या डोळे मिटून घेतात आणि झोपेत बोलल्यासारख्या संथ आवाजात विचारतात, "उभी असताना तापते की पळताना?" सिग्नलला उभी असताना तापत असेल तर पंखा बघायचा. पळताना तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही, नाहीतर रेडिएटरला वारा लागत नाही. एकदा कोल्हापूरकडच्या एका विद्यार्थ्याने फ्रीवेच्या कडेवरून रडकुंडीला येऊन फोन केला. इंजिन गेलं, आता रिसर्चही जाणार, असं त्याचं चाललं होतं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "खाली उतर, रस्त्याकडे पाठ करू नकोस, आणि गाडीच्या नाकाशी वाकून बघ," त्या म्हणाल्या. नाकाशी कुठल्यातरी ट्रकवरून उडून आलेला भलामोठा प्लास्टिकचा कागद चिकटून बसला होता. तो मुलगा आता डॉक्टरेट होऊन डब्लिनला नोकरी करतो आणि दर दिवाळीला त्यांना न चुकता फोन करतो.

तापलेल्या गाडीचं झाकण लगेच उघडायचं नाही, हा त्यांचा सगळ्यात आवडता नियम. उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे खरं कारण. मला मात्र संशय आहे की त्यांना ती अर्ध्या तासाची वाट बघणंच आवडतं. डिकीत दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन आणि भडंगाचा डबा कायम. ओकच्या सावलीत खुर्च्या मांडून, मला शेजारी घेऊन त्या अशा बसतात, की जाणाऱ्याला वाटावं, या दोघी सहलीला आल्या आहेत. गाडी तापतेय आणि थांबायला जागा नाही, तर इंजिनाची उष्णता खेचून घ्यायला आतला हीटर फुल लावायचा, हा दुसरा नियम. त्यापायी ऐन ऑगस्टमध्ये, खिडक्या उघड्या आणि हीटर चालू, अशा थाटात पैठणी नेसून आम्ही एका बारशाला गेलो. मी पोचले ती भिजलेल्या बोळ्यासारखी. आत्या मात्र तापमानाच्या काट्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, उतरला की नाही?" आणि दिवसभर त्या आनंदात राहिल्या.

त्यांची स्वतःची गाडी काकांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. काका गेले त्याला सहा वर्षं झाली. ते होते तोवर ते चालवायचे आणि आत्या शेजारी बसून ढग बघायच्या. काका उंच होते. आत्यांनी सीट कधी पुढे घेतली नाही, पाठीशी दोन उशा ठेवून त्या चालवायच्या. माझा नवरा म्हणायचा, "आत्या, आता नवीन गाडी घे ना. सेफ नाही ही." त्या म्हणायच्या, "बघू." त्यांच्या बघूचा अर्थ नाही असा असतो.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघी गॅल्व्हस्टनला समुद्र बघायला निघालो. अर्ध्या वाटेवर काटा चढायला लागला. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी हीटर लावला. घाम फुटण्याची वाट बघत बसले, पण गरम हवा आलीच नाही. बाहेरची होती तीच आत येत राहिली. पुढे पशुखाद्याच्या एका दुकानाचं आवार दिसलं, तिथे झाडाखाली त्यांनी गाडी घेतली. मागे पांढरा धूर होता आणि त्याला गोडसर वास येत होता.

खुर्च्या मांडल्या. भडंग त्यांनी उघडलं नाही. समोरच्या कुरणात गाई उभ्या होत्या, त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या अगदी सावकाश सरकत होत्या. उभी असताना की पळताना, हे कुणी विचारलं नाही. गाडी निवल्यावर मीच उठून बॉनेट उघडलं. रेडिएटरमधलं पाणी आटलं होतं आणि खाली जमीन कोरडी होती. ऑइलचं झाकण काढलं, तर आतून दुधाळ फेस लागलेला.

"काय दिसतंय?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

काहीतरी दुसरं सांगावं असं मला फार वाटलं. पण त्यांनी शिकवलेलं त्यांनाच खोटं कसं सांगणार? "हेड गॅस्केट गेलंय, आत्या. पाणी इंजिनात उतरतंय."

"हं," त्या म्हणाल्या. "मला मार्चपासून माहीत आहे. रोज सकाळी पाणी भरत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या कुणाची असती, तर फोनवरच सांगितलं असतं." मग ढगांकडे बघत त्या म्हणाल्या, "वेळेवर उघडलं असतं तर वाचली असती गं. मी तशीच तापवत पळवली. आता काही उरलं नसेल आत."

मी त्यांच्या खुर्चीजवळ खुर्ची ओढून बसले. भडंगाचा डबा उघडून पुढे केला. त्यांनी मूठभर घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

नवऱ्याला फोन केला, टो ट्रकलाही केला. ट्रकवाल्याने कुठे न्यायची म्हणून विचारलं, तेव्हा आत्यांनी स्वतःच भंगाराच्या यार्डाचं नाव सांगितलं. पाठीशी ठेवायच्या दोन उशा काढून घेतल्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. तेवढ्यात नवरा पोचला. त्याने आमचे चेहरे बघितले. फक्त म्हणाला, "घरी जाऊ या ना?"

"समुद्र राहिलाय," आत्या म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि गाडी दक्षिणेकडे वळवली. आत्या मागे बसल्या होत्या, खिडकीची काच खाली करून. गॅल्व्हस्टनचा पूल यायच्या आधीच त्यांना झोप लागली. आम्ही किनाऱ्याशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पाण्यावर तांबूस उजेड होता आणि लाटा आळसटपणे येत होत्या. नवऱ्याने इंजिन बंद केलं. त्यांना उठवायचं आम्हा दोघांच्याही जिवावर आलं, म्हणून आम्ही तसेच बसून राहिलो.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "पोचलो का रे?"

"हो, आत्या," तो म्हणाला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि डोळे न उघडताच पुन्हा झोपल्या.