दणका न देणारी झडप

आमच्या पंपघरातली ती झडप म्हणजे माझ्या डोक्याला ताप होती. बल्लारपूरच्या अलीकडे, नदीकाठी खोल खड्ड्यात तीन मोठे पंप; तिथून पाणी चढावरच्या टाकीत जायचं. वीज गेली की चढाचं पाणी मागे फिरायचं, आणि त्याला अडवणारी दाराएवढी जड झडप उशिरा, धाडकन आपटायची. अख्खी पाइपलाइन हादरायची. मागच्या उन्हाळ्यात त्याच दणक्याने जोड फुटला आणि आमच्या ऑपरेटर भाऊंचा हात मोडला.

साहेब म्हणाले, "जुनीसारखीच मागवा." मी भडकले. भांडून नवी निवडली. स्प्रिंगची, हलकी, दोन बोटांएवढी सरकली की बंद. पाणी उलटायच्या आतच बसणारी.

"पुन्हा फुटलं तर जबाबदारी तुमची."

घ्या! म्हटलं, माझीच.

चाचणीच्या दिवशी तिन्ही पंप पूर्ण जोरात होते. खाली कोणी उतरायचं नाही, असं मी बजावलं होतं. भाऊ माझ्याशेजारीच कठड्याला टेकून उभे. मी मेन स्विच पाडला.

पंपांची घरघर उतरत गेली. मी कान देऊन ऐकत होते. काहीच आवाज नाही.

आणि भाऊ जिन्याने खाली धावले!

"अवो भाऊ, कुठी चालले? वर या!" मी ओरडले. ते थेट पाइपपाशी, त्या मोडून जुळलेल्या हाताने पाणी तोडायचं मोठं चाक आवळू लागले. माझं गणित चुकलं असेल तर दणका आता बसणार होता, आणि हा माणूस नेमका जोडाजवळ. जीव मुठीत धरून मीही खाली पळाले.

"दणका नाई आला, बाई! झडप अडकून राह्यली. पाणी वापस येईन, पंप उलटे फिरतीन!"

मी पंपाच्या शाफ्टकडे, त्या फिरत्या दांड्याकडे बोट दाखवलं. तो जागच्या जागी थांबला होता, उलटा फिरत नव्हता. "बसली हो भाऊ. केव्हाच बसली."

त्यांनी पाइपवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्यावरच उखडले, "मंग सांगाले काय झालं होतं? इतकी वर्सं दणका आयकला का आमी म्हणतो, बसली. तो येनार नाई, हे मले काऊन नाई सांगितलं?"

महिनाभर आकडेमोड केली होती. साहेबांना तर पाठ होईपर्यंत समजावलं होतं. आणि ज्याचा हात मोडला, त्यालाच एवढं एक वाक्य सांगायचं राहिलं.