एका कांद्यापायी

आमच्या गुणमाला आत्याला खोटं बोलता येत नाही, आणि मला त्याचं कौतुक कमी, रागच जास्त आहे. एवढी शिकलेली बाई, पण वेळेला एक साधी थाप मारता आली नाही.

चौऱ्याहत्तर साली ती समडोळीहून सांगलीला कॉलेजात गेली. पेशींचा अभ्यास हा तिचा विषय. वर्गात सगळी मुलंच. दुसरी एकच मुलगी होती, अंजना. तिचं दिवाळीनंतर लग्न झालं आणि शेजारचं स्टूल रिकामं झालं. आत्या राहायची आक्काताईंकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे. आक्काताई विधवा, पोरबाळ नाही, जैन धर्माच्या कडक. पाणी गाळूनच प्यायचं, सूर्य मावळायच्या आत जेवायचं, आणि कांद्यात अनंत जीव असतात म्हणून त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. संध्याकाळी दोघी समोरासमोर ताटं घेऊन बसत. दिवसभरात आत्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस.

आणि नेमका प्रात्यक्षिकाला आला कांदा! ज्यानं त्यानं कांदा पाण्यावर ठेवून मुळं फुटवायची. वाढत्या मुळाच्या टोकाला एका पेशीच्या दोन होताना सापडतात, असं सरांनी सांगितलं. मुलांना काय, आईकडे मागितला की झालं. आत्यानं मंडईतल्या कांदेवाल्या बयाबाईकडे एकच कांदा मागितला.

"एकच? एका कांद्यानं काय हुतंय गं पोरी?" बयाबाई हसली आणि पैसे न घेताच तिनं तो आत्याच्या पिशवीत टाकला.

आत्यानं तो प्रयोगशाळेच्या खिडकीत पेल्यावर बसवला. जन्मात पहिल्यांदा कांद्याला हात लावताना तिला शिसारी आली आणि रडूही. मावशीला कळलं तर समडोळीची एसटी धरायची आणि पुढं अंजनासारखंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं केलं.

मुळं फुटली. टोकं कापून तिनं रसायनात घातली, तांबड्या रंगात बुडवली, काचेवर अंगठ्यानं दाबली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एका पेशीत गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी होती. शेजारच्या पेशीत निम्मी इकडं, निम्मी तिकडं निघालेली. तिच्यापलीकडे मधे भिंत पडून दोन खोल्या झालेल्या. कुणाला तरी सांगावं म्हणून तिनं मान वर केली. शेजारी कुणी नव्हतं. मुलं उरलेल्या कांद्यांची भजी करायच्या गप्पा मारत होती. सर सही करून पुढं गेले.

संध्याकाळी वाढताना आक्काताईंनी तिचा हात धरला. "हाताला कसला वास येतोय गं?"

"कांद्याचा."

"खाल्लास?"

"न्हाई मावशी. कालेजात लागतोय. यंत्राखाली बघायला."

आता बोलणी बसणार म्हणून आत्या मान खाली घालून बसली. आक्काताईंनी तिच्या ताटात भात वाढला आणि विचारलं, "काय दिसलं?"

आत्या बोलतच सुटली. ताटातली भाताची शितं मांडून मांडून दाखवलं. आक्काताई घास हातात धरून बघत राहिल्या.

"म्हंजे जीव हायतच की त्यात. आमी म्हणतोय ते खरंच."

"व्हय मावशी. मोजता येणार न्हाईत एवढे."

"हलत हुते?"

इथं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. मी तर बिनदिक्कत म्हणाले असते.

"न्हाई," आत्या म्हणाली. "आदी मारावं लागतंय. मगच दिसतात."

आक्काताईंनी तिला घालवलं नाही. समडोळीला कळवलंही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून आत्याचं ताट मागच्या सोप्यात गेलं. डिग्री मिळेपर्यंत ती तिथं भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवली. पुढं कवठे महांकाळच्या शाळेत मास्तरीण झाली, लग्न केलं नाही. अजूनही जेवायला बसली की खाली बघून भराभर उरकते. मला ते बघवत नाही.

परवा मी चिडून विचारलं, "हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"अगं, अख्ख्या सांगलीत तिनं एकटीनंच विचारलं होतं, काय दिसलं म्हणून," आत्या म्हणाली. "तिच्याशीच खोटं बोलू?"