मागची पेडल मारत नाही

थेल्मा हॉडनेटचा अर्धा संसार एका पाठीकडे बघण्यात गेला. पाठ तिच्या नवऱ्याची, मर्विनची. दोघांची मिळून एक लांबलचक हिरवी सायकल होती, टँडम, दोन सिटांची आणि चार पेडलांची. पुढे मर्विन, मागे थेल्मा. हँडल पुढच्याच्या हातात, ब्रेक पुढच्याच्या हातात, गिअरसुद्धा त्याच्याच हातात. मागच्याने पाय मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा, एवढंच काम. त्यात इंग्लंडातल्या श्रॉपशरमध्ये कुठल्याही रस्त्याने जा, कुंपणाशी उभा असलेला कोणीतरी महाभाग दात काढून ओरडणारच, "अहो दादा, मागची पेडल मारत नाहीये!"

पहिलं वर्षभर थेल्मा हसली. मग हसल्यासारखं करत राहिली. पुढे पुढे तर कोणी तोंड उघडायच्या आत तिला कळायचं, की आता हा तेच म्हणणार. "मेल्यांना दुसरा विनोद सुचत नाही," ती पाठीला म्हणायची. पाठ हलायची, म्हणजे मर्विन हसायचा.

पण सायकल तिला मनापासून आवडायची, हे सांगायलाच हवं. नदीकाठची कुरणं, सफरचंदाच्या बागा, चढ संपल्यावर लागणारा वारा, हे सगळं तिनं त्या मागच्या सिटावरून पाहिलं. एकटीची सायकल तिला कधी चालवता आली नाही. लहानपणी शिकायची राहून गेली, आणि मर्विन भेटल्यावर तो म्हणाला, "तुला कशाला हवं ते? मी आहे ना पुढे."

मर्विन एके काळी पशुखाद्याच्या गिरणीत मॅनेजर होता. निवृत्तीनंतर गावच्या सायकल मंडळाचा म्होरक्या झाला. दर रविवारी दहा-बारा पिकली डोकी त्याच्या मागे रांगेने निघायची. म्होरक्याचं मुख्य काम रस्ता बघायचं. खड्डा दिसला की त्याने हात खाली करून बोट दाखवायचं, मागच्याने ते बघून त्याच्या मागच्याला दाखवायचं, असं करत खूण शेपटापर्यंत जायची. मागच्यांनी स्वतः बघायचं नाही, बोटावर विश्वास ठेवायचा. मर्विनचं बोट कधी चुकलं नव्हतं. "मर्विनच्या नजरेतून सुई सुटायची नाही," असं हेडली म्हणायचा. हा हेडली मंडळातला दोन नंबरचा माणूस, निवृत्त शाळामास्तर, आणि मर्विनचा भक्तच म्हणा ना.

ही सुई मर्विनला दिसेनाशी होऊन तीन वर्षं झाली होती.

समोर बघितलं की नेमकं मधलंच गायब व्हायचं. कडेकडेचं दिसायचं, कुंपण दिसायचं, आभाळ दिसायचं, पण ज्याच्याकडे बघतोय त्याच्या जागी करडा डाग. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गाडी बंद करायला सांगितली. मर्विनने गाडी विकली आणि मंडळात सांगितलं, हवा खराब होते म्हणून विकली. मंडळाने टाळ्या वाजवल्या. थेल्मानेही वाजवल्या, काय करणार.

सायकल मात्र त्याने सोडली नाही. मग थेल्मा मागून जराशी डावीकडे कलायला लागली. पाठीच्या कडेने डोकं काढून रस्ता बघायचा आणि कुजबुजायचं. "खड्डा, उजवीकडून काढ. पुढे वळण. ट्रॅक्टर येतोय, थांब." मर्विन वळायचा, थांबायचा, आणि ऐटीत बोट खाली करायचा. मागचे दहा जण ते बोट पुढे द्यायचे. डोळे थेल्माचे, तोंड थेल्माचं, बोट तेवढं मर्विनचं. आणि कुंपणाशी उभा असलेला महाभाग ओरडायचा ते ओरडायचाच.

त्या हिवाळ्यात वादळांनी उच्छाद मांडला. एक जातंय न जातंय तोच दुसरं. सेव्हर्न नदी पात्र सोडून कुरणांत शिरली, कुरणांतून रस्त्यांवर आली. हॉडनेटांचं घर उतारावर होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या कुरणाचं लाकडी फाटक दिसायचं, पाच आडव्या पट्ट्यांचं. गावात पाण्याचं माप ते फाटकच. वरून तिसरी पट्टी पाण्याबाहेर आली की खालचा रस्ता मोकळा, हा आजोबांच्या वेळेपासूनचा नियम. म्हणून मंडळातले सगळे मर्विनला फोन करायचे. मर्विन विचारायचा, "थेल्मा, कुठली?" थेल्मा खिडकीतून बघून सांगायची. मग तो फोनवर म्हणायचा, "हे बघ, मी आत्ता बघितलं, दुसरीच आहे अजून."

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी तिसरी पट्टी दिसली. पाणी ओसरलं की मंडळाची पहिली फेरी मेलबरीच्या चर्चकडे जाते. तिथल्या आवारात इवल्या पांढऱ्या स्नोड्रॉप फुलांची चादर पसरलेली असते आणि गावच्या बायका हॉलमध्ये चहा आणि केक मांडतात. थेल्माने बुटांच्या नाड्या बांधता बांधता विषय काढला.

"मर्विन, आज सांगून टाक त्यांना."

"काय सांगू?"

"काय ते तुला माहितीये. हेडलीला पुढे जाऊ दे. आपण मधे राहू. कोणी सायकल काढून घेणार नाहीये आपली. पण पाण्याने रस्ते खाल्लेत, मर्विन. माझ्या एका कुजबुजीवर दहा माणसं चालवायची, मला झोप लागत नाही रे."

मर्विनने हातमोजे घालायला बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "चहाला सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना. आणि तुझंही सांगतो. तू बघतेस म्हणून."

थेल्माला एवढंच हवं होतं. जास्त नाही. एकदा, चार माणसांत, त्याने म्हणावं की रस्ता ही बघते. जाताना ती अशी पेडल मारत होती की चढावर मर्विनलाच धाप लागली. कुंपणाला पाण्यासोबत आलेलं गवत आणि चिंध्या लोंबत होत्या, एक मेलेली मेंढी तारेत अडकली होती, रस्ताभर चिखलाची साय. ती सांगत होती, तो बोट करत होता. वाटेत 'रस्ता बंद'ची लाल पाटी लागली. सायकलवाले असल्या पाट्यांना भीक घालत नाहीत. पाटी मोटारींसाठी असते, आपल्यासाठी नाही, अशी यांची पक्की समजूत. मर्विन म्हणाला, "तिसरी पट्टी दिसतेय, चला," आणि सगळे पाटीला वळसा घालून गेले. तिथून पुढे एका ठिकाणी रस्त्याच्या मधोमध गटाराचं लोखंडी झाकण पाण्याने उचलून नेलं होतं. भोकात गढूळ पाणी काठोकाठ भरलेलं, डबकं आणि भोक यात फरक कळू नये असं. कुणा शेतकऱ्याने त्यात वाळकी फांदी खोचून तिला खताची पिवळी पिशवी बांधली होती. थेल्मा म्हणाली, "भोक आहे, चांगलं उजवीकडून." मर्विनने बोट केलं. दहाही जण सुखरूप गेले.

मेलबरीच्या हॉलमध्ये चहा आला, लिंबाचा केक आला. थेल्मा मर्विनच्या शेजारी बसली. त्याने घसा खाकरला. तिने कप खाली ठेवला.

तेवढ्यात हेडली उभा राहिला. "मित्रहो, ते गटाराचं भोक बघितलंत ना? आपल्यातला एखादा आज इस्पितळात असता. मर्विन, तुझ्या डोळ्यांना सलाम बाबा." सगळ्यांनी चमचे कपांवर वाजवले. केकवाल्या बायकाही कौतुकाने बघायला लागल्या.

मर्विन उठला. थेल्माने त्याच्याकडे बघितलं. त्यालाही कळलं असणार ती बघतेय, कडेचं दिसायचं त्याला.

"अहो, त्यात काय," मर्विन म्हणाला. "सवयीचं काम आहे. मागे बसून जिची नुसती जीभ चालते, तिला घेऊन एवढी वर्षं काढली, गटाराचं काय घेऊन बसलात." आणि हॉल हसला तसा त्याला चेव आला. "आणि तुम्ही सगळे विचारता म्हणून आज सांगूनच टाकतो. खरंच पेडल मारत नाही ती."

काय हशा पिकला. हेडलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. केक कापणारी बाई थेल्माला म्हणाली, "गमत्या आहे हो तुमचा नवरा."

"हो ना," थेल्मा म्हणाली. तिने केकची बशी बाजूला सरकवली.

परतताना ती बोलत होती. लगेच गप्प बसली असं नाही. वळण सांगितलं, चिखल सांगितला. या टोकाची 'रस्ता बंद'ची पाटी सांगितली. आवाज फक्त कोरडा झाला होता, आणि पाठीला आवाजातलं काही कळत नाही. सरळ रस्ता लागला आणि लांबून ती पिवळी पिशवी दिसली. वाऱ्यावर फडफडत होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. थेल्माने तोंड उघडलं. जिची नुसती जीभ चालते. तिने तोंड मिटलं.

आता बोलेन, असं तिला वाटत राहिलं. फांदी जवळ आली. मर्विन खुशीत शीळ घालत होता. तिनं पेडल मारणंही थांबवलं नाही.

पुढचं चाक भोकात गेलं आणि सायकल उभीच्या उभी उलटली. मर्विनचं खुब्याचं हाड मोडलं. थेल्माचं मनगट आणि खांद्याचं हाड गेलं. मागचे कसेबसे थांबले, कोणी कोणावर आदळलं नाही. वेळ वाईट होती, पण तेवढ्यापुरती बरी म्हणायची. हेडली चिखलात गुडघे टेकून बसला. मोडलेली फांदी सायकलखाली होती, पिशवीसकट. त्याने ती उचलून बघितली आणि म्हणाला, "वाऱ्यानं पडली असणार आधीच. उभी असती तर मर्विनला दिसली नसती असं होईल का?"

कोणीही म्हणालं नाही, होईल म्हणून. सगळ्यांनी रस्तेखात्याला शिव्या दिल्या.

इस्पितळात दोघांच्या खाटा वेगळ्या विभागात होत्या. दुसऱ्या दिवशी नर्सने थेल्माला चाकाच्या खुर्चीतून त्याच्याकडे नेलं. नर्स गेल्यावर मर्विन छताकडे बघत म्हणाला, "तू बोलली नाहीस."

"नाही."

"दिसलं होतं तुला."

"दिसलं होतं. म्हटलं, नुसती जीभच चालते, आज विसावा द्यावा तिला."

मर्विन म्हणाला, "उशी जरा वर कर." एका हाताने तिने उशी वर केली.

सायकल संपली. मर्विनचा खुबा नवा बसवला, पण त्यावर पेडल मारणं जमेना. थेल्माचं मनगट वाकडं जुळलं. आणि धड असतं तरी ती कुठे जाणार होती? मागच्या सिटावर बसून एकटीला कुठेच जाता येत नाही. नवऱ्यावर सूड उगवायला गेली आणि स्वतःचा रविवारही त्याच भोकात घालून बसली, हे तिला त्या उन्हाळ्यात रोज कळत होतं. रस्त्यावरून घंटा वाजली की ती नळ सोडून भांडी घासायला घ्यायची. टँडम शेडमध्ये आढ्याला टांगली होती. मंडळाने मर्विनला कायमचा मानाचा म्होरक्या केलं, तशी पितळी पाटी दिली. ती खिडकीशेजारी भिंतीवर लागली. पुसायला थेल्माच.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वादळं आली. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी फोन वाजला. आता मंडळ हेडली चालवत होता.

"हॅलो हेडली," मर्विन खुर्चीतून म्हणाला. आवाज लगेच जुना झाला. "मेलबरीला निघताय? थांब, बघतो." त्याने फोनवर तळवा ठेवला. "थेल्मा, कुठली?"

थेल्मा ओट्याशी उभी होती. खिडकीबाहेर फाटकच नव्हतं. जिथे असायचं तिथे तपकिरी पाणी चाललं होतं, सपाट.

"तूच बघ की," ती म्हणाली. "तुझ्या नजरेतून सुई सुटत नाही ना."

"थेल्मा. ते खोळंबलेत."

ती हलली नाही. मर्विनने खिडकीच्या दिशेने तोंड केलं, मान जरा तिरकी केली, कडेने काही दिसतंय का ते चाचपलं. मग तळवा काढून फोनवर म्हणाला, "हां हेडली. तिसरी दिसतेय, मला वाटतं. निघा रे खुशाल."

थेल्माने दोन पावलांत जाऊन फोन ओढून घेतला.

"हेडली, मी थेल्मा. घरातून हलू नका. एकही पट्टी दिसत नाहीये, फाटकावरून पाणी चाललंय. आणि मर्विनला तर फाटकही दिसत नाही. चार वर्षं झाली. त्याला डोळे नाहीत, हेडली. रस्ता मी बघत होते. सगळ्या फेऱ्यांना मीच."

पलीकडे हेडली मोठ्याने हसला. मास्तर वर्गात हसतो तसा, मनापासून, मायेने.

"अगं थेल्मा, सकाळी सकाळी भांडलात वाटतं दोघं? दे बाई, मर्विनला दे फोन. नक्की काय ते त्यालाच विचारतो."

थेल्मा फोन धरून उभी राहिली. मग तिने तो मर्विनच्या हातात दिला, आणि त्याला नीट धरता यावा म्हणून बोटंही सरळ केली. मर्विनने फोन कानाला लावला. खिडकी उजवीकडे होती, त्याने तोंड पितळी पाटीकडे केलं.

"हां हेडली," तो म्हणाला. "बरोबर आहे तिचं. मी आत्ता नीट बघितलं परत. एकही दिसत नाही. राहू द्या आज."

"बरं झालं बाबा विचारलं," हेडलीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "तू बघतोस म्हणून आम्ही जिवंत आहोत, मर्विन."