डब्याचं तोंड

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, ते सांभाळून घ्यावं. चौथीत शाळा सुटली. मिस्त्री गेले तेव्हा सगळे त्यांच्याबद्दल गोडच बोलले. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून माझ्यापुरतं लिहून ठेवते.

मिस्त्री कसबा बावड्यात गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायचे. ते त्याला डबा म्हणत. डबा वाजवून बघण्याआधी त्याच्या पुढच्या कापडावर टिचकी मारत. कापड जरा ढिलं वाटलं की स्क्रू ड्रायव्हर खुपसून टराटरा फाडत. ते कापड ताणून बसवायचं काम माझं. "गिऱ्हाईक आधी तोंड बघतंय, आवाज मागनं ऐकतंय," हे त्यांचं रोजचं. मी बोलत नाही म्हणून मला 'मुके' अशी हाक मारत, आणि डबे घ्यायला आलेली ऑर्केस्ट्राची पोरं हसत.

माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला त्यांनी पैसे दिले, ते गावभर सांगितलं. फाडलेल्या कापडाचे पैसे माझ्या मजुरीतून कापत, ते कुणाला सांगितलं नाही. पैसे फिटेपर्यंत दुसरीकडं कामाला जायचं नाही, अशी त्यांची अट होती.

पहिले डबे लाकडी, गोल कोपऱ्यांचे, पुढं सोनेरी कापड. आत काचेचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे पेटत. मग काळं रेग्झिन आणि चंदेरी कापड आलं. कापड बदललं की हात बसेपर्यंत तुकडे वाया जात आणि माझं देणं वाढे. पुढं व्हॉल्व्ह गेले, हलके डबे आले, त्यांना लोखंडी जाळी. मिस्त्री म्हणाले, "मुके, तुझं काम संपलं. पैसं न्हाय संपलं." मी त्यांच्या दुकानाची फरशी पुसून पैसे फेडू लागले.

अलीकडं पोरांना पुन्हा जुन्या डब्यांचं वेड लागलं. तेच गोल कोपरे, तेच सोनेरी कापड. तोवर मिस्त्रींचे हात थरथरत होते. त्यांनी बसवलेल्या कापडाच्या रेघा तिरक्या आल्या, गिऱ्हाईकानं डबा परत आणून टाकला. आधी मधून ताणायचं, मग कोपऱ्याकडं जायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं, बोटांवर पट्टी मारून. तरी मला दया आली नाही.

त्यांनी मला पहिल्यांदा खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. खाली बघूनच म्हटलं, "मजुरी तिप्पट. फाडलं तर कापड तुमचं."

"मुकीला बोलाय येतंय की," म्हणाले. पण कबूल झाले.

त्यानंतर त्यांनी एकही कापड फाडलं नाही.

शेवटच्या डब्याची मजुरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. माझ्या देण्यातली तेवढीच बाकी उरली होती. मी ती तशीच त्यांच्यापुढं ठेवली. ते म्हणाले, "सोमवारी लवकर ये." मी येणार नाही म्हटलं. दुकानात पोरं बसली होती.

"पैसे फिटले म्हणून सांगा यांना. माझं नाव घेऊन सांगा."

मिस्त्रींनी नोटा मोजून खिशात घातल्या.

"शालनचं पैसं फिटलं," ते पोरांना म्हणाले. "सगळं."