पंचवीसवाली नेत्रिका

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, नव्या सुनेचा चेहरासुद्धा मुठीची नळी करून पाहत. लग्नानंतर मी पाया पडले आणि वर बघते तो त्यांचा एक डोळा मिटलेला, दुसरा मुठीतून माझ्यावर रोखलेला. "बाजूचा उजेड कापला का नीट दिसते," ते म्हणाले. माझ्या नाकावरचा पावडरचा थर त्यांना नक्की दिसला असणार. शहाणा माणूस, बोलले नाहीत.

कारंजा घाडगेला ते शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मामाजींना राग एकाच गोष्टीचा यायचा, मराठीत इंग्रजी शब्द घुसवण्याचा. "रेडियस काऊन म्हणते? त्रिज्या म्हण. रेडियस तुहा मामा लागते का?" आणि त्यांच्या घरात येऊन पडले कोण, तर मी! नागपूरची बी.एस्सी. ही गोष्ट मी भाजीवालीलासुद्धा ऐकवली होती. तिने त्यावर कोथिंबीर काही जास्त दिली नाही.

मामाजींना शनीची कडी बघायची होती. टिनवाल्याकडून पत्र्याची लांब नळी करून घेतली होती, पुढचं मोठं भिंग नागपूरहून आलं होतं. राहिलं होतं फक्त डोळा लावायच्या टोकाचं भिंग. त्याला आम्ही कॉलेजात आयपीस म्हणत असू. मराठीत त्याला नेत्रिका म्हणतात, हे एवढी डिग्री देताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी मी चहा घेऊन ओसरीच्या दाराशी आले, तर आत बापलेकांची कुजबुज चाललेली.

"दोन आणल्या त झेपन का आपल्याले?" मामाजी.

"नाई झेपत, बाबा. एकच आणा," आमचे हे.

"मंग पंचवीसवालीच आणतो. अठरावालीचे नखरे लय. जरा धक्का लागला का गायब."

"वापरलेली चालन?"

"चालन ना! डाग नसला म्हंजे झालं. पण नेत्रिका घरात आल्यावरच सांगजो सूनबाईले. नाई त ते अठरावालीच मागन."

पंचवीस काय, अठरा काय, ते मिलिमीटर होते. आकडा लहान तितकं चित्र मोठं, पण अंधूक आणि हलतं. म्हणून गरिबाने एकच घ्यायची तर मोठ्या आकड्याची घ्यावी, एवढा साधा तो हिशेब. पण माझ्या डोळ्यांसमोर डाग नसलेली, पंचवीस वर्षांची नेत्रिका उंबरठ्यावरचं माप ओलांडून आत आलीसुद्धा. चहा तिथेच ठेवून मी शेजारच्या किराणावाल्या शेठाणीकडे धावले. "कोणाले सांगू नका हं," असं निक्षून सांगितलं. गावभर करायला याहून खात्रीचा उपाय नव्हता. आणीबाणी नुकतीच उठली होती, लोकांच्या जिभाही मोकळ्या झाल्या होत्या.

आठवडा सरायच्या आत रोहण्याहून आत्याबाई एसटीने येऊन थडकल्या. मामाजींची ही थोरली बहीण. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं, म्हणून तिचा शब्द ते कधी मोडत नसत. पिशवी खाली न ठेवताच त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, मग कोठीची खोली.

"कुठं हाय ते नेत्री?"

"पेटीत हाय, अक्का," मामाजी बिचारे सरळपणे म्हणाले.

"पेटीत कोंडली तिले? काढ भाईर!"

मामाजींनी रुमालाची घडी उलगडली. आत अंगठ्याएवढी पितळी नळी. आत्याबाईंनी ती उलटीपालटी केली, मग माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. माझी बी.एस्सी. त्या क्षणी कोठीच्या खोलीत लपली.

"तिचं काई चुकलं नाई," मामाजी म्हणाले. "तिनं पाह्यलं कमी अन् मोठं केलं जास्त. नवीन दुर्बीणवाल्यायचं असंच होते."

पण आत्याबाईंचं पित्त खवळलेलंच राहिलं. "ह्या नळकांड्यापायी गावात तोंड काळं झालं तुहं! अन् पाह्यचं कोणाले, त शनीले? मोडून टाक. आजच."

त्यात गंमत नव्हती. ऐन तारुण्यात आत्याबाईंचं कुंकू गेलं, पाठोपाठ पाळण्यातलं लेकरू गेलं, आणि जोशीबुवांनी बोट शनीकडे दाखवलं. तेव्हापासून दर शनिवारी त्या त्याला तेल घालत, तेही बाजूला उभ्या राहून, मान फिरवून. त्याच्या नजरेला नजर द्यायची नसते. मामाजींचा चेहरा पडला. इतक्या वर्षांची हौस, आणि सांगणारी अक्का.

"मोडतो," ते म्हणाले. "पण एकदा पाह्य."

"मेल्या, मले पुन्हा साडेसाती लावतं का?"

"तो आपल्याले पाह्यते तवा वाईट ना? आज आपण त्याले पाहू. त्याले काय समजते!"

दिवेलागण झाली. शनी डोक्यावर होता, म्हणून अंगणात खाट टाकून आत्याबाईंना उताणं झोपवलं आणि दुर्बीण वरून त्यांच्या डोळ्याशी आणली. मामाजींनी स्वतःसुद्धा अजून पाहिलं नव्हतं. नेम धरला आणि पहिला मान बहिणीला दिला. आत्याबाईंनी देवळातल्यासारखी आधी मान फिरवली. मग हळूच डोळा लावला.

"हा?"

"हाव, अक्का."

"एवढासा? ज्वारीच्या दाण्याएवढा?" त्या तशाच पडून राहिल्या. "ह्यानं केलं माहं सारं? ह्यानं? ह्याच्या भोवती त वाळा हाय रे. लेकराच्या पायातला असते तसा."

मग खाट करकरायला लागली. मला वाटलं रडतात, तर बाई हसत होत्या. "चाल, सरकला तो. पुन्हा आण इथं." मामाजी नळी सरकवत राहिले, त्या बघत राहिल्या. मामाजींचा नंबर लागला तोवर ढग आले.

दुर्बीण मोडायचं पुन्हा कोणी बोललं नाही. शेठाणीला मात्र आत्याबाईंनी सांगून टाकलं, "पाह्यली मी नेत्रिका. गुणाची हाय. फक्त एक डोळा मिटून पाहा लागते." दर उन्हाळ्यात त्या कारंज्याला येऊ लागल्या. शनीला तेल घालणं सुटलं नाही, पण मान फिरवणं सुटलं.

मामाजी गेले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तोवर ऐंशीचं दशक उजाडलं होतं, यांचा पगार वाढला होता, मलाही जरा अक्कल आली होती. मी म्हटलं, "मामाजी, आता अठरावाली नेत्रिका आणूया. शनी चांगला मोठा दिसेल."

मामाजींनी पंचवीसवाली धोतराच्या सोग्याने पुसली.

"नको, बेटा. अक्का येते ना पाह्यले. तिले तो एवढासाच दिसू दे."